लालात लाल

मेरिमचं लग्न बटाटे निघाल्यावर करायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून तिच्या आईच्या, बुरूलच्या पायाला भिंगरी लागली. गाद्या शिवून झाल्या होत्या, उशा भरून झाल्या होत्या, पेटी निळा रंग लावून अंगणात वाळत ठेवली होती. राहिला होता तो शिरदाक, लोकरीचा नक्षीदार गालिचा. सरोवराच्या काठच्या या गावात मुलगी सासरी जाताना आईच्या हातचा शिरदाक घेऊन जाते. कानातले डूल हलके असले तरी चालतात, कपाट नसलं तरी चालतं. पण जमिनीवर अंथरायला आईचा शिरदाक नसला, तर नवऱ्याकडच्या बायका पेटी उघडतात, आत बघतात, मग एकमेकींकडे बघतात आणि काही न बोलता झाकण लावतात. ते न बोलणं पोरीला जन्मभर ऐकू येत राहतं.

शिरदाक कधी एकटा जन्माला येत नाही. दोन रंगांचे दोन नमदे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे थर, एकावर एक ठेवायचे, वर साबणाच्या वडीनं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायची आणि धारदार सुरीनं दोन्ही थर एकदम कापायचे. मग लाल नमद्यातून निघालेली शिंगं तपकिरी नमद्याच्या भोकांत बसतात आणि तपकिरीतली लालाच्या. एका कापात दोन शिरदाक होतात, चिमूटभर लोकर वाया जात नाही. म्हणून हे काम दोघींनी मिळून करायचं असतं, आणि बुरूलची जोडीदारीण म्हणजे तिची थोरली जाऊ केरेझ.

दोघींची घरं शेजारी शेजारी. मध्ये पाण्याचा पाट आणि पाटावर एक फळी. केरेझचा नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा शहरात गाडी चालवायचा, धाकटा ताबिल्दी उन्हाळाभर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर असायचा. त्यामुळे केरेझ आठवड्यातून एकदा घोड्यावर बसून वर जायची, पोराला रोट्या नि बटाटे पोचवायची आणि घोडीचं आंबवलेलं दूध घेऊन खाली यायची. एरवी ती घरी, आणि घरी म्हणजे अर्धा वेळ बुरूलच्या अंगणात. तिच्याइतका सुरीला बसलेला हात गावात दुसरा नव्हता. जीभही त्याच सुरीवर घासून घेतल्यासारखी होती.

नमदे करायला गावातल्या चार बायका आल्या. लोकर काठ्यांनी झोडपून झोडपून मऊ केली. नाकातोंडात तिचे तंतू गेले आणि सगळ्या शिंकत हसत होत्या. मग गवताच्या काड्यांच्या लांब चटईवर थर पसरले, वर उकळतं पाणी शिंपडलं, चटई गुंडाळून दोरानं आवळली आणि अंगणभर पायांनी लोटली. शेवटी सगळ्याजणी गुडघे टेकून ओळीनं बसल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दाबून दाबून ती वळकटी पुढे-मागे करू लागल्या. बुरूलच्या हातांची कातडी लालबुंद झाली, गुडघे ओल्या मातीत रुतले.

"जोर लाव की," केरेझ शेजारून म्हणाली. "लोकर आहे ती, नवऱ्याची पाठ नव्हे."

"नवऱ्याची पाठ एवढी दाबली असती तर तो आतापर्यंत घोंगडी झाला असता," बुरूल म्हणाली, आणि सगळ्या बायका हसत वळकटीवर आडव्या झाल्या.

एक नमदा बुरूलच्या पांढऱ्या मेंढ्यांचा होता, तो तिनं मोठ्या कढईत लाल रंगवला. दुसरा केरेझच्या मेंढ्यांचा, त्याचा जन्माचाच रंग तपकिरी. दोन्ही कुंपणावर वाळत पडले तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायचा. बुरूलला वाटलं, चला, अवघड ते झालं. आता नुसतं कापायचं नि शिवायचं.

कापायच्या दिवशी ती सकाळीच फळी ओलांडून गेली. केरेझच्या ओसरीवर दोन्ही नमदे एकावर एक पसरून कडेला टाके घालून पक्के केले होते. केरेझनं नक्षी काढली. मधे मोठी शिंगं, चारी कोपऱ्यांत लहान, काठाला लाटा. ती कापायला बसली की श्वाससुद्धा सुरीच्या चालीनं घ्यायची. बुरूल नमदा ताणून धरत होती. सूर्य जर्दाळूच्या झाडांवर येईपर्यंत शेवटची लाट कापून झाली. केरेझनं पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला आणि बागेकडे बघितलं.

"तुझं वासरू माझ्या कोबीत आहे," ती म्हणाली.

बुरूल धावली. वासरू हाकललं, पण तोवर त्यानं कोबीची एक अख्खी रांग साफ केली होती आणि दुसरी तुडवून ठेवली होती.

"बांधलं होतं मी," धापा टाकत परत येऊन ती म्हणाली.

"हो, बांधलं असशील. दोरच चालत आला असेल कोबी बघायला."

"जाऊबाई, भरून देईन मी कोबी."

"कोबीचं काय घेऊन बसलीस. तुझं हे असंच. जे तुझ्या हातात दिलं ते माझ्या दारात येऊन पडतं. वासरू काय नि पोर काय."

केरेझ हे चेष्टेत म्हणाली की रागात, तिचं तिलाच ठाऊक नसावं. पण बुरूलच्या ते वर्मी लागलं. मेरिम काही महिन्यांची असताना बुरूलची छाती बिघडली होती आणि अख्खा हिवाळा ती तालुक्याच्या दवाखान्यात पडून होती. तेव्हा ताबिल्दी केरेझच्या अंगावर पीत होता. केरेझनं एका बाजूला त्याला घेतलं, दुसऱ्या बाजूला मेरिमला. ही गोष्ट गावाला ठाऊक होती आणि बुरूल ती कधी विसरली नव्हती. पण उपकार कोणी तोंडावर मोजून दाखवले की माणसाला ते उपकार वाटत नाहीत.

"पोर मी टाकली नव्हती तुमच्या दारात," ती म्हणाली. "आजारी होते."

"मी कुठं म्हणते टाकलीस? मी म्हणते, पाजली मी, चालवली मी, आणि तू वसंतात पाहुणीसारखी आलीस नि घेऊन गेलीस."

"तुम्हाला मुलगी झाली नाही, जाऊबाई, त्याला मी काय करू? म्हणून माझ्या मुलीची आई व्हायला येऊ नका."

कोबीत पुन्हा शिरलेलं वासरू पानं खाताना ऐकू येत होतं, पण दोघींपैकी कुणी तिकडे बघितलं नाही. केरेझनं सुरी घागऱ्याला पुसली. मग खाली बसून कडेचे टाके एकेक उसवले, वरचा लाल नमदा सोडवला, त्यातली लाल शिंगं, लाल लाटा नीट गोळा करून त्याच्यावर ठेवल्या आणि सगळं बुरूलकडे सरकवलं.

"ज्याची लोकर त्याची," ती म्हणाली. "ने."

बुरूलनं गाठोडं बांधलं आणि उचललं. फळी ओलांडताना तिनं मान ताठ ठेवली.

घरी नवरा जाकीप पाटाची फळकुटं दुरुस्त करत बसला होता. तो कमी बोलणारा माणूस. त्यानं गाठोड्याकडे बघितलं, बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा हातोडी उचलली. मेरिमला मात्र दम निघेना. तिनं गाठोडं सोडून लाल नमदा खोलीत अंथरला आणि एकेक लाल शिंग त्याच्या त्याच्या भोकात ठेवत गेली. सगळी चपखल बसली. शेवटचा तुकडा बसला तेव्हा समोर एक सपाट लाल नमदा होता, कधी सुरी लागलीच नव्हती असा.

"वा," मेरिम म्हणाली. "सकाळभर दोघी कापत होतात, आणि झालं काय, तर होतं तेच."

"गप बस."

"तपकिरी शिंगं कुठं आहेत?"

"ज्याची लोकर त्याची," बुरूल म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दोन दिवस तिनं नमद्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, यात काय एवढं आहे, आपण कापू शिंगं. माळ्यावर सासऱ्यांच्या तंबूचा जुना काळपट नमदा पडला होता. तिनं लाल शिंगं त्यावर ठेवून साबणानं रेघा ओढल्या आणि घरातली भाजीची सुरी घेऊन बसली. जुना नमदा दगडासारखा घट्ट. सुरी एका ठिकाणी अडे, दुसऱ्या ठिकाणी सटके. अंगठ्याला फोड आला तरी ती थांबली नाही. दोन थर एका हातानं एकदम कापले की त्यांची वळणं एकमेकांशी जुळतात. नंतर मागाहून कापलेलं शिंग कितीही सारखं वाटलं तरी परकंच. एकीकडे बोटभर फट पडली, दुसरीकडे नमदा गोळा होऊन वर आला.

नेमकी तेव्हाच सोनून आली. सोनूनचं घर कोपऱ्यावर होतं आणि तिचे कान मात्र गावभर. ती ताक मागायला आली होती, पण ताकाचं भांडं दारातच ठेवून ती नमद्याभोवती फिरली.

"हे काय गं? शिंगं आहेत की कोंबडीचे पाय?"

"अजून व्हायचंय ते."

"केरेझ नाही का आली कापायला?"

"तिला काम आहे."

"अच्छा, काम आहे," सोनून म्हणाली आणि ताक न घेताच लगबगीनं निघून गेली. बुरूलला कळलं, संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक तंदुराजवळ कोंबडीचे पाय पोचणार. तिनं काळा तुकडा गोळा करून वासराच्या गोठ्यात टाकला. निदान त्याला तरी खाली मऊ होईल, असं ती स्वतःशी म्हणाली, पण डोळे भरून आले.

मग जर्दाळू पिकले आणि कुणाला रडायलाही वेळ उरला नाही. झाडं हलवायची, खाली चादरी धरायच्या, फळं फोडून बिया काढायच्या आणि छपरावर ओळीनं वाळत घालायची. बुरूलची बोटं चिकट झाली, नखं काळी पडली, मधमाश्या डोक्यावरच्या रुमालावर येऊन बसू लागल्या. पलीकडच्या छपरावर केरेझ एकटीच जर्दाळू पसरत होती. दोघी दोन छपरांवर गुडघे टेकून, पाठीला पाठ करून. दरवर्षी हे काम दोघी एकेका छपरावर मिळून करायच्या. तेव्हा एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू व्हायचं आणि छप्पर कधी भरलं ते कळायचं नाही. यंदा छप्पर भरायला फार वेळ लागला.

मेरिम मात्र फळीवरून येत-जात होती. सकाळचा चहा इकडे, दुपारचं जेवण तिकडे.

"मोठीआई काय म्हणते?" एकदा बुरूलनं विचारलं, जणू सहजच.

"कोबी बरा आहे म्हणते. नवी पानं धरली."

"नमद्याचं?"

"ती खोली माझ्यासमोर उघडत नाही. विचारलं तर म्हणते, पोरीनं आपल्या आईला विचारावं."

जर्दाळू आत गेले आणि लसूणघासाची कापणी सुरू झाली. जाकीप कोयता चालवत पुढे, बुरूल आणि मेरिम दाताळ्यानं घास ओढत मागे. दुपारी ऊन इतकं की कोयत्याच्या पात्यावर बघवत नव्हतं. पाण्याची पाळी आली की बुरूल आपले बटाटे भिजवायची आणि वेळ संपायच्या आधीच फळकूट उचलून पाणी केरेझच्या बागेकडे वळवायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. केरेझनंही काही म्हटलं नाही. पण कोबीची नवी पानं मोठी होत होती, एवढं कुंपणातून दिसायचं.

घास आत पडला तशी बुरूलला घाई झाली. बटाटे काढायला आले होते, लग्न दारात होतं आणि शिरदाक म्हणजे अजून भोकं नि तुकडे. तेव्हा तिनं ठरवलं. लालात लालच शिवायचं. सांध्यावरून पिवळा गोफ फिरवला की शिंगांची रेघ दिसेल, नक्षी कळेल. नाक मुरडणाऱ्या मुरडोत. ती रंगीत गोफ वळण्यात गावात पहिली होती, हे केरेझसुद्धा मान्य करायची. तिनं दाभण घेतलं आणि एका बाजूची कोपऱ्यातली शिंगं लालात शिवून टाकली.

मेरिमनं हातातलं दाताळं भिंतीला लावलं आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "सासूनं विचारलं तर सांगेन, नीट बघा, आत शिंगं आहेत. रुसून बसलीत, म्हणून दिसत नाहीत."

एरवी बुरूल हसली असती किंवा तिच्या अंगावर धावली असती. यावेळी तिचा हात दाभणावरच थांबला. तिला तो वसंत आठवला, दवाखान्यातून घरी आल्याचा. मेरिम तेव्हा उभी राहायला लागली होती. बुरूलनं हात पुढे केले तर पोर केरेझच्या घागऱ्यामागे लपली आणि रडायला लागली. केरेझनं तिची बोटं एकेक करून घागऱ्यापासून सोडवली, तिला उचललं आणि बुरूलच्या हातात दिलं. "हिला साय आवडते, मीठ नको," एवढंच बोलली. मग गोठ्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. गोठ्यात त्या वेळी एकही जनावर नव्हतं. बुरूलला हे तेव्हाही समजलं होतं आणि ओसरीवर तो शब्द उच्चारतानाही ते तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो तिनं निवडला होता. शिरदाक झाला काय नि न झाला काय, तो शब्द तिच्या घशात हाडासारखा अडकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उरलेली लाल शिंगं आणि लाटा ओच्यात घेतल्या, वर दोन ताज्या रोट्या ठेवल्या, रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि फळी ओलांडली. केरेझच्या दाराला बाहेरून काठी टेकवून ठेवली होती. म्हणजे घरात कोणी नाही, ती कुरणावर गेली. या गावात दाराला कुलूप कोणी लावत नाही, आणि काठी लावलेली असली की कोणी आत जात नाही.

बुरूल दारात थोडा वेळ उभी राहिली. परत गेलं तर उद्या पुन्हा यायचं धैर्य होईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. तिनं काठी बाजूला ठेवली आणि आत गेली.

मधल्या खोलीत तपकिरी नमदा जमिनीवर पसरला होता. बुरूलला वाटलं होतं, जाऊबाईंनीही तपकिरीत तपकिरी शिवून टाकलं असेल. तसं काही नव्हतं. खाली जाड पांढरं अस्तर लावून त्याला कच्चे टाके घातले होते, आणि नक्षीची सगळी भोकं तशीच उघडी. एकाही भोकात काही बसवलं नव्हतं. तपकिरी शिंगं वेगळी काढून मोठ्या-लहान अशी निवडून, दोऱ्यानं जुड्या बांधून खिडकीत ठेवली होती, कुणी न्यायला येणार असेल तशी.

ती तिथंच बसली. रडणं आवरल्यावर तिनं ओचा सोडला, मधलं मोठं लाल शिंग उचललं आणि तपकिरीच्या मधल्या भोकात ठेवलं. हातानं दाबायचीही गरज पडली नाही. मग खिडकीतलं दाभण घेऊन ती शिवायला लागली. एक शिंग झालं, दुसरं झालं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, तिकडे जाकीप तिला हाका मारत होता, तिनं ओ दिली नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत तिच्या पाठीवर आलं.

घोड्याच्या टापा तिला ऐकू आल्या नाहीत. वर बघितलं तर केरेझ दारात उभी, खांद्यावर कातडी बुधला, तोंडावर रस्त्याची धूळ.

"दाराला काठी लावली होती," केरेझ म्हणाली.

"दिसली मला."

"काठी असली की घरात कोणी नसतं."

"म्हणूनच आत आले. तुम्ही असतात तर आले नसते."

केरेझनं बुधला खाली ठेवला. हळूच वाकून, गुडघ्यावर हात टेकून तिनं नमद्यावर नजर फिरवली. तिची बोटं एका कोपऱ्यावर थांबली.

"हे शिंग उलटं बसवलंयस."

"जाऊबाई, मी त्या दिवशी बोलले ते..."

"आधी उसव. मग बोल."

बुरूलनं उसवलं. टाके काढताना तिनं मान वर केली नाही आणि बोलायला सुरुवात केली. म्हणाली, मी वाईट बोलले. रागात नाही बोलले, तुम्हाला कुठं लागेल ते ठाऊक असून बोलले. पोर माझ्याकडे यायला तयार नव्हती त्याचा मला अजून राग आहे, आणि तो राग मी तुमच्यावर काढला. केरेझ तिच्यासमोर बसून सुईत दोरा ओवत होती. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. शेवटी तिनं सुई बुरूलकडे दिली.

"ओव," ती म्हणाली. "डोळ्यांत धूळ गेलीये." मग थोड्या वेळानं, "मी तरी कुठं साखर पेरली होती. वासरानं कोबी खाल्ला आणि मी तुझं दुखणं उकरून काढलं. म्हातारी व्हायला लागले की असंच होत असेल."

"तपकिरीत तपकिरी का नाही शिवलंत?"

"एवढी वेडी नाही मी."

बुरूलनं दोरा ओवून सुई परत दिली.

"लाल कुठंय?" केरेझनं विचारलं. "आण इकडे. माझी शिंगं कधीची तयार होऊन बसलीत."

"आणते. उद्या आणते."

"उद्या कशाला? चल, मीच येते."

बुरूलनं तिला अडवायचा प्रयत्न केला, चहा टाकते म्हणाली, रोटी गरम आहे म्हणाली, पण केरेझ फळीवर पोचली होती. ती थेट खोलीत शिरली आणि लालात शिवलेल्या लाल शिंगांपुढे थांबली. मेरिम दारात तोंडावर रुमाल दाबून उभी.

"हे कोणी केलं?" केरेझनं विचारलं.

बाहेर जाकीप खोकला.

"बरं," केरेझ खाली बसत म्हणाली, "कात्री आणा. आणि त्या सोनूनला आत घेऊ नका."

त्यानंतरचे दिवस बटाट्यांचे आणि दाभणाचे होते. दिवसा सगळेच शेतात वाकलेले, संध्याकाळी चहा झाला की दोघी जावा नमद्यावर. लाल तळाचा शिरदाक मेरिमचा, त्यात तपकिरी शिंगं केरेझनं बसवली. तिचे टाके इतके बारीक की बोटाला लागत नसत. पिवळा-निळा गोफ बुरूलनं वळला आणि सगळ्या सांध्यांवरून तोच फिरवला. अस्तराला जोडताना दोघी समोरासमोर बसून एकच दोरा ओढायच्या, एकीनं टोचायचं, दुसरीनं घ्यायचं. भांडण रोज व्हायचं, पण ते टाक्यांवरून, आणि चहाच्या आत संपायचं. एकदा मेरिम मधे आडवी होऊन झोपली तेव्हा दोघींनी तिच्यावरून दोरा ओढत काम चालू ठेवलं. बुरूलला त्या वेळी फार बरं वाटलं. ही पोर चार दिवसांत जाणार आणि आज ती इथं आहे, दोघींच्या मधे.

लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची मंडळी दोन गाड्या भरून आली. अंगणात मोठी कढई, चहाचा उकळता बंब, कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचे ढीग, पोराटोरांचा गोंधळ. केरेझ सकाळपासून बंबाजवळ होती. बाह्या वर, रुमाल मागे बांधलेला. थोरल्या काकूची जागा तिथंच असते, कामात.

पेटी उघडायची वेळ झाली. नवऱ्याकडच्या बायका खोलीत ओळीनं बसल्या. गाद्या बघून झाल्या, उशा दाबून झाल्या. मग जाकीप आणि एका पाहुण्यानं शिरदाक आणून मधोमध उलगडला. लाल तळावर तपकिरी शिंगं, सगळ्या वळणांवरून पिवळ्या-निळ्या गोफाची रेघ. कोणी काही बोललं नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. मागे उभी असलेली सोनूनही गप्प होती, आणि तिचं गप्प राहणं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

मेरिमची सासू पुढे सरकली. ठसठशीत, तोंडात सोन्याचे दात असलेली बाई. तिनं शिरदाकावर तळवा फिरवला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "आईच्या हातचा आहे?"

याला उत्तर आईनं द्यायचं असतं. सगळ्यांनी बुरूलकडे बघितलं. ती नव्या रुमालात, पुढच्या ओळीत बसली होती. हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

"हो," बुरूल उठत म्हणाली. "तिच्या आईच्या हातचा."

आणि ती बायकांच्या ओळीतून वाट काढत बाहेर गेली. बंबाजवळ केरेझ प्याले विसळत होती. बुरूलनं तिचं कोपर धरलं. केरेझ म्हणाली, सोड, हात ओले आहेत, लोक काय म्हणतील. बुरूलनं सोडलं नाही. ओल्या हातांनी, वर सरकवलेल्या बाह्यांनी केरेझ खोलीच्या मधोमध, शिरदाकाच्या काठाशी येऊन उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं. पोरीकडे बघायचं ती टाळत होती.

"ही," बुरूल म्हणाली. "मेरिमची आई."

कोपऱ्यात बसलेली मेरिम ओढणीआडून मोठ्यानं रडायला लागली, आणि नवऱ्याकडच्या एकदोघी रुमाल डोळ्यांना लावू लागल्या. केरेझला तेवढा वेळ पुरला. तिनं हात घागऱ्याला पुसले.

"कापलाय मी," ती सासूला म्हणाली. "शिंगं शिवलीत मी. गोफ हिचा आहे. कुठं वाकडं दिसलं तर ते हिचं समजा."

बायका हसल्या. बुरूलही हसली, गालावरून पाणी वाहत असताना. सासूनं केरेझला हात धरून शिरदाकावर बसवलं आणि आईचा म्हणून पहिला प्याला स्वतः भरून तिच्या हातात दिला. केरेझनं तो दोन्ही हातांत धरला, अर्धा प्याली आणि उरलेला शेजारी उभ्या असलेल्या बुरूलच्या हातात कोंबला.

"बस खाली," ती म्हणाली. "आणि संपव, गार होतोय."